मधमाशीवर सोडून भागणार नाही

इंग्लंडातल्या स्नोड्रॉपप्रेमींमध्ये एक मत इतके मुरले आहे की ते मत आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. चांगला स्नोड्रॉप सापडतो, कुणी घडवत नाही, असे ते मत. जुन्या वाड्यांच्या बागा, पाद्र्यांच्या घरांची आवारे, चर्चभोवतीच्या दफनभूमी अशा ठिकाणी फेब्रुवारीत नजर जमिनीला लावून फिरावे. हजारो सारख्या फुलांत एखादे वेगळे दिसले की मालकाला विचारून कंद उचलावा, वाढवावा, त्याचे नाव ठेवावे. संकराचे काम मधमाशी करतेच आहे. हौशी माणसाने गारठ्यात गुडघे टेकून चिमट्याने परागकोश खुडायचे, लेबले लिहायची, चार-पाच वर्षे कुंड्या सांभाळायच्या, आणि शेवटी हाती काय, तर कुंपणाखाली फुकट उगवते तसलेच पांढरे फूल. शिवाय नावे आधीच इतकी झाली आहेत की त्यांत भर घालणे म्हणजे जवळजवळ अपराध.

हे मत मला मान्य नाही. पण पूर्वपक्ष लेचापेचा करून त्याला लोळवण्यात मौज नसते, म्हणून तो आधी त्याच्या सगळ्या पुराव्यांसह उभा करतो. पुरावे कमी नाहीत. पिवळ्या खुणेचे 'वेंडीज गोल्ड' केंब्रिजजवळच्या वॉन्डलबरीला सापडले. पिवळ्या बीजकोशाचा 'सँडर्सी' गट एकोणिसाव्या शतकात नॉर्थम्बरलंडमध्ये नजरेस आला. ज्याच्या बाहेरच्या पाकळ्यांवरही ठसठशीत हिरवा डाग असतो ते 'ट्रिम' ब्रिस्टलमधल्या एका बागेतले. सहाच्या सहा पाकळ्या लांब आणि शुभ्र असलेले 'ई. ए. बोल्स' एनफील्डच्या मिडल्टन हाउसमध्ये सापडले आणि 2011 मध्ये त्याचा एक कंद ऑनलाइन लिलावात 357 पौंडांना गेला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या एका बागेत सापडलेल्या पिवळ्या 'एलिझाबेथ हॅरिसन'ने 725 पौंड मिळवले. ही सगळी सापडलेली फुले. यादीचे म्हणाल तर बिशप, डेव्हिस आणि ग्रिमशॉ यांच्या 2001 च्या ग्रंथात सुमारे 500 वाणांचे वर्णन होते; फ्रेडा कॉक्स यांच्या मार्गदर्शिकेत 2013 साली 900 च्या वर आणि 2019 च्या आवृत्तीत 2,400 च्या वर वाण आले. सहा वर्षांत यादी अडीचपटीहून मोठी झाली. एवढे पाहून एखाद्याने आता पुरे म्हटले तर त्याला वेडा कोण ठरवील?

मराठी वाचकांसाठी दोन शब्द या फुलाविषयी. गॅलँथस या प्रजातीत वीसच्या आसपास जाती आहेत. वीतभर उंचीचा देठ, त्यावर खाली मान घातलेले एकच फूल. तीन पाकळ्या बाहेर, तीन आखूड पाकळ्या आत, आणि आतल्या पाकळ्यांवर हिरवी खूण. या एवढ्याशा खुणेच्या आकारावरून माणसे भांडतात. पुण्यामुंबईच्या हवेत हे रोप तग धरत नाही, त्याला थंडी लागते. पण त्याचे कूळ आपल्याला परके नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ कांदा-लसूणही आता याच कुळात धरतात.

आता मुद्द्याचे. 'सापडले' म्हणतात ते कुठे सापडले? यादी पुन्हा वाचावी: बाग, बाग, माणसाने लावलेली झाडी, पुन्हा बाग. ब्रिटनमध्ये स्नोड्रॉप मुळात रानचा नाहीच. जेरार्डच्या 1597 च्या वनस्पतिग्रंथात तो बागेतले फूल म्हणून येतो आणि तिथल्या रानात उगवलेला म्हणून त्याची पहिली नोंद थेट 1770 च्या दशकातली आहे. आज ज्या ओढ्याकाठच्या पांढऱ्या गालिच्यांना लोक निसर्गाची किमया म्हणतात, ते बहुतेक ठिकाणी बागेतून निसटलेल्या निव्हॅलिस या युरोपीय जातीचे, आणि पुष्कळदा दुहेरी पाकळ्यांच्या 'फ्लोर प्लेनो'चे कंद फुटून फुटून झालेले विस्तार आहेत. तिथे नवे काही उपजत नाही, एकच रोप स्वतःची नक्कल काढत राहते.

नवेपण आले ते दुसऱ्या वाटेने. क्रिमियाच्या युद्धातून परतणाऱ्या सैनिकांनी दुमडलेल्या पानांच्या प्लिकेटसचे कंद आणले. हेन्री जॉन एल्विस 1874 साली तुर्कस्तानातल्या स्मिर्ना, म्हणजे आजच्या इझमीरजवळच्या डोंगरांत फिरत असताना त्याला रुंद राखाडी पानांचा मोठा स्नोड्रॉप दिसला. पुढच्याच वर्षी त्याला एल्विसी हे नाव मिळाले. या तीन जाती निसर्गात बहुतांशी आपापल्या मुलखात राहणाऱ्या. युरोपातल्या जंगलातला निव्हॅलिस, क्रिमियाचा प्लिकेटस आणि अनातोलियाचा एल्विसी एका वाफ्यात, एकमेकांपासून हातभर अंतरावर फुलले ते इंग्लिश बागवानांनी त्यांना तिथे आणून लावले म्हणून. हजारो मैलांचे अंतर माणसाने तोडले आणि शेवटचे हातभर मधमाशीने. त्यावर 'हे आपोआप झाले' म्हणायचे! मिडल्टन हाउस ही तर एडवर्ड ऑगस्टस बोल्सची बाग. त्या माणसाने हयातभर तिथे स्नोड्रॉप जमवले, लावले, बी पडू दिले. त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी तिथे एक अपूर्व फूल निघाले याला योगायोग म्हणणे म्हणजे पेरणाऱ्याचे नाव खोडून कापणाऱ्याचे लिहिणे.

मधमाशीच्या कामाच्या मर्यादाही मोजल्या पाहिजेत. तापमान दहा अंशांच्या आसपास गेल्याशिवाय ती फारशी बाहेर पडत नाही आणि तोवर स्नोड्रॉपही नीट उघडत नाही. इथल्या लेस्टरच्या जानेवारीत असे दुपारचे दोन तास कितीदा मिळतात हे इथे राहणाऱ्याला विचारावे. मिळालेच, तर ती एका फुलावरून शेजारच्या फुलावर जाते. आणि शेजारचे फूल बहुधा त्याच झुपक्यातले, म्हणजे त्याच वाणाचे असते. त्याहून मोठी अडचण काळाची. ग्रीसचा रेजिने-ओल्गे ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतो, प्लिकेटस फेब्रुवारी-मार्चात. या दोघांची गाठ कोणतीही मधमाशी घालू शकत नाही. माणूस घालू शकतो: पराग कोरडे करून सिलिका जेलसोबत बंद डबीत फ्रीजरमध्ये ठेवायचे, किंवा नोव्हेंबर-डिसेंबरात फुलणाऱ्या एल्विसीच्या 'हायेमॅलिस' गटाचा पुलासारखा उपयोग करायचा. शरद ऋतूत फुलणारा पण थंडीला न डरणारा स्नोड्रॉप कुणाला हवा असेल तर तो कुंपणाखाली सापडण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.

मग प्रत्यक्षात कुणी हाताने संकर केले का, आणि त्यांतून टिकाऊ काही निघाले का? निघाले, आणि तेही अगदी सुरुवातीपासून. सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेटचा जेम्स ॲलन हा हौशी माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने शंभराच्या वर वेगवेगळी रोपे बियांपासून वाढवली आणि 1891 मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या स्नोड्रॉप परिषदेत त्यांवर निबंध वाचला. लांब, लवचीक देठावर वाऱ्याने डोलणारे 'मॅग्नेट' त्याचे. आतल्या पाकळ्या सबंध हिरव्या असलेले 'मर्लिन' त्याचे. 'रॉबिन हूड'ही त्याचेच. सव्वाशे वर्षांनंतर आजही ही नावे कोणत्याही बऱ्या यादीत असतात, आणि 'मॅग्नेट' नवशिक्याला बिनधास्त द्यावे असे कणखर आहे. प्रतिपक्ष ॲलनचे नाव घेतो ते वेगळ्या कारणासाठी: त्याचा बहुतेक संग्रह करड्या बुरशीने आणि नार्सिसस माशीच्या अळ्यांनी खाल्ला, बघा संकरांचे काय होते! पण बोट्रायटिस ही बुरशी सापडलेल्या फुलाला सोडते आणि पेरलेल्याला धरते असे नाही. दाटीने लावलेले, मरगळलेले कंद तिला मिळाले की ती पसरते. ॲलनच्या संग्रहाच्या नाशावरून झुपके विरळ ठेवावेत आणि प्रत्येक रोपाचा एक कंद दुसऱ्याच्या बागेत द्यावा एवढेच सिद्ध होते. जे वाचले ते पुष्कळसे वाटले गेले होते म्हणूनच.

दुसरे उदाहरण मला अधिक आवडते, कारण ते अशक्य म्हणवणाऱ्या गोष्टीचे आहे. दुहेरी 'फ्लोर प्लेनो'ला बी धरत नाही. त्याचे स्त्री-अवयव जवळजवळ निकामी. म्हणून दुहेरी फुलाचा वंश पुढे नेता येत नाही, अशी समजूत. नॉरफोकमध्ये ब्रंडलजवळ राहणाऱ्या हेरिक ग्रेटोरेक्सने त्या फुलाला आई करायचा नाद सोडून बाप केले. 'फ्लोर प्लेनो'त थोडे का होईना, पण चालणारे पराग असतात. ते त्याने धडधाकट प्लिकेटसच्या कुक्षीवर घातले. 1940 च्या दशकात आणि त्याच्या आगेमागे यातून उंच, भरदार दुहेरी फुलांची एक अख्खी फळी उभी राहिली: 'ओफिलिया', 'डेस्डेमोना', 'कॉर्डिलिया', 'टायटेनिया', 'हिपोलिटा', 'नेरिसा'. शेक्सपिअरच्या नाटकांतल्या बायकांची हजेरी घेतल्यासारखी ही यादी. आज गावोगावच्या बागांत जी ताठ दुहेरी फुले दिसतात त्यांतली कितीतरी या एका माणसाच्या कुंड्यांतून आलेली. मधमाशीने हे केले असते का? एखादे वेळी, एखादे रोप. फळी नाही.

ग्रेटोरेक्सच्या बाबतीत प्रतिपक्षाचा एक टोला मात्र खरा बसतो. त्याची फुले एकमेकांत इतकी मिसळली आहेत की 'ओफिलिया' कोणती आणि 'जॅक्वेनेटा' कोणती यावर जाणकारांचेही एकमत होत नाही. पण दोष संकराचा का? संकर करून ठेवला आणि वही नीट ठेवली नाही, किंवा जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या भावंडांना वेगवेगळी नावे दिली, हा दोष नोंदीचा. त्यावर उपाय पेन्सिल आहे.

आता 'सगळी रोपे सारखीच निघतात' या आक्षेपाकडे वळू. पहिल्या पिढीपुरते ते पुष्कळ अंशी खरे आहे, आणि तिथेच लोक थांबतात. दोन जातींचा संकर केला की पहिली पिढी बहुधा दोघांच्या मधली, एकसारखी आणि जोमदार येते. अप्रभावी गुण तिच्यात दडून बसतात. ते बाहेर यायचे तर त्या भावंडांचा आपसांत संकर करून दुसरी पिढी घ्यावी लागते. मेंडेलच्या हिशेबाने एक अप्रभावी गुण दुसऱ्या पिढीत चारांत एका रोपात दिसतो. असे एक तरी रोप मिळण्याची शक्यता शेकडा 95 वर न्यायची तर किती रोपे लागतात? फक्त 11. दोन स्वतंत्र अप्रभावी गुण एकाच रोपात हवे असतील, म्हणजे सोळांत एक, तर 47. ही संख्या मी मुद्दाम मांडतो, कारण 'हे व्यावसायिकांचे काम, त्याला एकरभर काचघर लागते' असे अनेक जण मान डोलावून सांगतात. सत्तेचाळीस स्नोड्रॉप फुलेपर्यंत वाढवायला पाच-सहा कुंड्या पुरतात. लागतो तो धीर आणि पहिल्या पिढीतले साधे फूल पाहून न हिरमुसणारा स्वभाव.

धीराचे सगळ्यांत ठळक उदाहरण केंब्रिजशायरच्या जो शार्मन यांचे. पिवळी खूण बाहेरच्या पाकळ्यांवरही आणायची या हेतूने ते पिढीमागून पिढी संकर करत गेले आणि 18 वर्षांनी 'गोल्डन फ्लीस' तयार झाले. 2015 मध्ये त्याच्या एका कंदाला 1,390 पौंड आले. वृत्तपत्रांनी किमतीचे मथळे केले. त्या अठरा वर्षांबद्दल कुणी फारसे बोलले नाही. लिलावाच्या आकड्यांना मी फार किंमत देत नाही, कंद वाढले की भाव उतरतोच. पण 'चांगला स्नोड्रॉप घडवता येत नाही' म्हणणाऱ्यासमोर हे फूल ठेवायला हरकत नाही.

प्रत्यक्ष कृती सांगतो, कारण या मताचा अर्धा जोर कृतीच्या भीतीत आहे. आई म्हणून ज्या झुपक्याला दरवर्षी भरपूर बोंडे लागतात असे प्लिकेटस किंवा त्याच्या रक्ताचे वाण निवडावे. कळी उघडण्याच्या बेतात असताना बाहेरच्या पाकळ्या हलकेच दूर करून आतले सहाही परागकोश चिमट्याने काढून टाकायचे. स्नोड्रॉपचे परागकोश टोकाशी उघडतात आणि फूल खाली मान घातलेले असल्यामुळे धक्का बसला की पराग खाली झडतात; मधमाशीसाठीच ती सोय आहे. आपणही तिचाच फायदा घ्यायचा: बापाचे फूल घरात कोमट जागी पाण्यात ठेवले की तासाभरात उघडते, मग नखावर धरून टिचकी मारायची. नखावर पिवळी भुकटी दिसली की ती आईच्या कुक्षीला लावायची. कुक्षी म्हणजे मधल्या सुईसारख्या दांड्याचे टोक, इतके बारीक की चष्मा लागतो. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लावावे. ब्रश मी वापरत नाही, त्याच्या केसांत आदल्या बापाचे पराग अडकून राहतात. देठाला दोरा बांधायचा, आई आधी आणि बाप नंतर अशा क्रमाने लेबल लिहायचे. एवढेच. दिवसभरात पाच-सहा फुले होतात.

खरी धावपळ मे-जूनमध्ये. बोंड फुगते, पिवळे पडते आणि देठ लवून जमिनीला टेकतो. बियांना एक मांसल शेपटी असते आणि ती मुंग्यांना आवडते. बोंड फुटल्यावर एक रात्र गाफील राहिलात तर संकर मुंग्यांच्या वारुळात जातो. म्हणून बोंड पिवळे पडण्याआधीच त्यावर बारीक जाळीची पिशवी बांधावी. बी मिळाले की लगेच पेरावे. आपल्याकडे कांद्याचे बी धरणारा शेतकरी जाणतो की ते वर्षभरात उगवणशक्ती गमावते. स्नोड्रॉपचे त्याहूनही उतावळे, वाळवून ठेवले की बिघडते. चांगला निचरा होणाऱ्या मातीत सेंटिमीटरभर खोल पेरून वर खडीचा थर द्यावा आणि कुंडी उत्तरेच्या भिंतीशी उघड्यावर ठेवावी. उन्हाळ्याची ऊब आणि मग हिवाळ्याची थंडी, असे दोन्ही मिळाले की पुढच्या जानेवारी-मार्चमध्ये गवताच्या पात्यासारखे एकेक पान वर येते. काही बिया एक वर्ष दम खातात, म्हणून कुंडी रिकामी वाटली तरी टाकू नये. दोन वर्षे त्याच कुंडीत राहू द्यावे, पाने हिरवी असताना पातळ पोटॅशयुक्त खत द्यावे, उन्हाळ्यात कुंडी भाजू देऊ नये. तिसऱ्या ते पाचव्या वर्षी पहिली फुले येतात.

'पाच वर्षे कोण थांबणार?' हा प्रश्न ऐकला की मला हसू येते, कारण तो विचारणारे लोक तीस तीस वर्षे स्नोड्रॉप जमवत असतात. थांबणे एकदाच असते. दरवर्षी पेरणी चालू ठेवली की पाचव्या वर्षानंतर प्रत्येक फेब्रुवारीत कुठल्या ना कुठल्या कुंडीत आजवर कुणी न पाहिलेले फूल उघडते. ते बहुधा अपूर्व नसते; पण ते आपणच पहिल्यांदा पाहिलेले असते. विकत घेतलेल्या वाणाचे तसे होत नाही, त्याचे फोटो आपण आधीच पाहिलेले असतात.

याहून महत्त्वाचा मुद्दा प्रतिपक्षाच्या ध्यानातच येत नाही. तो म्हणतो, नवे कशाला, जुने वाढवा. जुने वाढवण्याची साधनेही उत्तम आहेत. कंद उभा चिरून आठ-सोळा फोडी करायच्या, बुरशीनाशकात बुडवून ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये पिशवीत वीस अंशांच्या आसपास तीनेक महिने ठेवायच्या, की प्रत्येक फोडीच्या बुडाशी इवला कंद तयार होतो. हे कौशल्य मी कमी लेखत नाही. पण त्यातून आईची नक्कल मिळते, तिच्या आजारासकट. स्नोड्रॉपला विषाणू होतात, पानांवर पिवळसर रेघा उमटतात, झुपका वर्षागणिक खंगतो. चिरलेली प्रत्येक फोड तो विषाणू पुढे नेते, आणि सुरी नीट निर्जंतुक केली नाही तर शेजाऱ्यालाही देते. बहुतेक वनस्पती-विषाणू मात्र बियांतून पुढे जात नाहीत. रोगट पण सुंदर वाणाचे सौंदर्य वाचवायचे असेल तर त्याचे बी घेणे हा साधा मार्ग आहे. हुबेहूब तेच मिळणार नाही. पण त्याच्यासारखे, निरोगी आणि दोन-चार प्रकारांत मिळेल. 'ट्रिम'चे असेच झाले. त्याच्या बियांतून 'ट्रिमलेट', 'ट्रम्प्स' अशी पुढची पिढी आली आणि बाहेरच्या पाकळ्यांवरच्या हिरव्या डागाला नवे देह मिळाले.

'एस. आर्नॉट'ची गोष्टही इथेच सांगतो. वासाने आणि जोमाने अजोड असे हे वाण स्कॉटलंडमधल्या डम्फ्रिसच्या सॅम्युअल आर्नॉटकडून ग्लॉस्टरशायरमधल्या एल्विसकडे गेले, तेव्हा ते 'आर्नॉटचे रोप' म्हणूनच ओळखले जाई. 1951 मध्ये त्याला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे पारितोषिक मिळाले. मुद्दाम केलेला तो संकर होता असे मी म्हणत नाही. पण आज गालिचा म्हणून जे लावतात तेही एका काळी कुणाच्या तरी नजरेतले एक पोरके रोपच होते, आणि त्या माणसाने 'आणखी एक कशाला' म्हणून ते उपटले नाही.

राहिला नावांचा पूर. इथे मी प्रतिपक्षाच्या बाजूला जाऊन बसतो, फक्त आरोपी बदलतो. 2,400 वाणे झाली ती लोकांनी बी पेरले म्हणून नव्हे. त्यांतली पुष्कळशी एका हिरव्या ठिपक्याच्या फरकावर, एका वर्षाच्या फुलावरून आणि बऱ्याचदा गवतात 'सापडली' म्हणून नाव मिळवून बसलेली आहेत. शोधणाऱ्यापाशी तुलनेला भावंडे नसतात. बी पेरणाऱ्यापाशी चाळीस भावंडे ओळीने उभी असतात, त्यांतली पस्तीस किरकोळ आहेत हे त्याला रोज दिसते. म्हणून पेरणारा, शहाणा असेल तर, नाव ठेवण्यात कंजूष होतो. माझ्या मते रोपाला आधी फक्त क्रमांक द्यावा. वेगवेगळ्या मातीच्या किमान दोन बागांत तीन-चार हंगाम ते फुलावे, कंद फुटून झुपका व्हावा, खूण दरवर्षी तीच यावी, आणि 'मॅग्नेट' किंवा 'एस. आर्नॉट' शेजारी लावून पाहिल्यावरही ते वेगळे आणि चांगले वाटावे. मगच नेदरलँड्समधल्या कंदोत्पादकांच्या संस्थेकडे, जिथे स्नोड्रॉपच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद होते, अर्ज करावा. उरलेली रोपे झाडाखाली लावून द्यावीत. ती तिथे पुढे बी धरतील, मुंग्या ते पसरवतील, आणि पन्नास वर्षांनी कुणी तरी तिथे एक अपूर्व फूल 'शोधून' काढील.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो: रानातल्या जातींच्या शुद्धतेचा. तुर्कस्तान, जॉर्जिया, ग्रीस इथे जिथे स्नोड्रॉप खरोखर रानात उगवतो, तिथे बागेतले संकर नेऊन लावू नयेत. 1990 पासून सगळे गॅलँथस साइट्स या वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, कारण रानातून कंद उपसून विकण्याने काही ठिकाणी त्यांचे हाल झाले. त्या नोंदीत बी आणि पराग मात्र वगळले आहेत. वनस्पती-आरोग्याचे नियम वेगळे, ते पाळावेच लागतात. म्हणजे ज्याला जातिवंत रोप हवे त्यालाही रानातला कंद न उपटता बियांतून ते वाढवण्याची वाट मोकळी आहे. संकर करणारा आणि जात जपणारा यांचे भांडण तसे नाहीच. दोघांनाही एकच शिस्त लागते: जातीचे बी धरायचे असेल त्या फुलावर जाळी घालून हाताने, त्याच जातीच्या पण वेगळ्या रोपाचे पराग द्यायचे.

आणि याच शिस्तीचा अभाव बियांच्या देवाणघेवाणीत दिसतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. पाकिटावर 'एल्विसी' किंवा 'एस. आर्नॉटचे बी' असे लिहून येते. उघड्या बागेत, वीस वाणांच्या गर्दीत, मधमाशीने काय आणून टाकले हे कुणी पाहिलेले नसते. 'एस. आर्नॉट'च्या बियांतून 'एस. आर्नॉट' उगवत नाही, तरी पाच वर्षांनी ते रोप त्याच नावाने पुढच्या बागेत जाते आणि नावांचा गोंधळ आणखी एका पिढीने वाढतो. म्हणून पाकीट देणाऱ्याने आईचे नाव लिहावे आणि त्यापुढे बापाची जागा मोकळी सोडावी. घेणाऱ्याने ती मोकळी जागा तशीच लेबलावर उतरवावी.